कॉइनची किल्ली कोणाच्या हाती?

मैत्रिणींनो, शाळेत आपण ‘च’ची भाषा बोलायचो, आठवतं? ‘मला’ म्हणजे ‘चलाम’, ‘पाणी’ म्हणजे ‘चणीपा’! बाईंना कळू नये म्हणून केलेली युक्ती. पण एकीनं फोडली की सगळा वर्ग हुशार. गुप्त लिखाणाचं शास्त्र, म्हणजे क्रिप्टोग्राफी, मुळात अशाच खटपटीतून वाढलं. बिटकॉइनसारख्या आभासी चलनाला ‘क्रिप्टो’ हे नाव त्यावरूनच पडलं.

हा विषय बायकांच्या पानावर कशाला, असं कुणी म्हणेल. पण बचत गटाच्या कामासाठी रिसोड, मालेगाव, मंगरुळपीरकडच्या गावांत फिरताना हल्ली हा शब्द कानावर पडतो. सोयाबीनचा पैसा हातात आला की ‘कॉइन घ्या’ म्हणणारे मेसेज येतात, घरातलं पोरगं हट्ट धरतं. एका गटातल्या मावशींनी विचारलं, “ताई, हे कॉइन बुडालं तं पैसे मागाचे कोनाले?” प्रश्न लाखमोलाचा!

बिटकॉइनचा आराखडा २००८ साली सातोशी नाकामोतो या नावानं प्रसिद्ध झाला आणि २००९ मध्ये ते सुरू झालं. त्याला बँक नाही, मॅनेजर नाही. आहे ती एक वही, जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी लिहिलेली. वही उघडी असते, कुणीही वाचावी. गुप्त असते ती आपली सही करायची किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठा आकडा. सही खरी की खोटी हे कुणीही तपासू शकतं, पण तिच्यावरून किल्ली काढता येत नाही. ते कसं? ९७ गुणिले ८९ हा हिशेब कागदावर मिनिटात होतो, ८६३३. पण नुसते ८६३३ देऊन ‘हा कोणत्या दोन आकड्यांचा गुणाकार?’ असं विचारलं तर घाम फुटतो. बिटकॉइनचं गणित वेगळं असलं तरी जातकुळी हीच. जाताना उतार, परतताना कडा.

हा कडा चढण्याची वाट १९९४ मध्ये पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञानं दाखवली. पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला, तर तो उघड्या आकड्यांवरून किल्ली शोधून काढेल. तेवढा मोठा संगणक अजून कुणाकडे नाही. पण गुगलनं डिसेंबर २०२४ मध्ये ‘विलो’ नावाची १०५ क्यूबिटची चिप दाखवली, आणि आपल्या सरकारनंही २०२३ मध्ये सहा हजार कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. म्हणून नवी कुलपं आधीच तयार होताहेत. अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये अशी तीन मानकं जाहीर केली.

बँकेला कुलूप बदलायचं तर हेड ऑफिसचा आदेश पुरतो. बिटकॉइनला हेड ऑफिसच नाही! वही सांभाळणाऱ्या बहुसंख्यांचं एकमत व्हावं लागतं, आणि ते आपल्या ग्रामसभेइतकंच अवघड. त्यात नव्या पद्धतीची सही जुनीपेक्षा तीसपटीहून मोठी, त्यामुळे वही फुगणार. शिवाय ज्यांची किल्ली हरवली किंवा जे वारले, त्यांची कॉइन नव्या कुलपात हलवणार कोण? यावर जाणकारांतही वाद चालू आहेत.

मला स्वतःला या शास्त्रातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. शफी गोल्डवासर या विदुषीनं दोन सहकाऱ्यांसोबत १९८५ मध्ये अशी रीत मांडली, की गुपित न सांगता ते आपल्याकडे आहे हे पटवून देता येतं. वय न सांगता ‘मी अठराच्या वर आहे’ हे सिद्ध करायचं, पासबुक न दाखवता शिल्लक पुरेशी आहे हे दाखवायचं. २०१६ पासून झी-कॅश नावाच्या चलनात ही रीत वापरतात. आधारची झेरॉक्स दहा ठिकाणी देऊन वैतागलेल्या आपल्याला याचं मोल नको सांगायला.

पण आजवर माणसं बुडाली ती गणित फुटल्यामुळे नव्हे. ‘गेनबिटकॉइन’नं अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचं आमिष दाखवलं. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या प्रमुखाला अटक केली. पुढे मार्च २०२२ मध्ये, तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच जप्तीतली कॉइन वळवल्याच्या आरोपाखाली धरलं! जुलै २०२४ मध्ये ‘वझीरएक्स’ या भारतीय बाजारातून सुमारे तेवीस कोटी डॉलरची कॉइन गेली. पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सह्या झाल्या दुसऱ्यावरच, असं कंपनीनं सांगितलं.

तेव्हा मावशींना मी सांगितलं, “मागाचे कोनालेच नाही.” बँक बुडाली तर ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथं तो नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात यावर तीस टक्के कर बसला, म्हणून पुष्कळांना सरकारनं मान्यता दिल्यासारखं वाटतं. तो केवळ कर आहे, हमी नव्हे.

तरीही घरात कुणी कॉइन घेतलीच असतील, तर किल्लीचे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द कागदावर लिहून दागिन्यांसारखे जपा. मोबाईलमध्ये त्यांचा फोटो ठेवू नका. फोनवर कुणी ते शब्द विचारले तर तो चोरच समजा, आणि फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, त्याच घटकेला १९३० फिरवा.