कॅरॅव्हानमधील विनाशुल्क उपग्रह दूरचित्रवाणी (ब्रिटन)

कॅरॅव्हान, मोटारघर किंवा तंबूत मुक्काम असताना मासिक वर्गणी न भरता उपग्रहावरून दूरचित्रवाणी वाहिन्या पाहणे, यास ब्रिटनमध्ये विनाशुल्क उपग्रह ग्रहण असे मानले जाते. पूर्व २८.२ अंश रेखांशावरील ॲस्ट्रा उपग्रह, एक लहान डिश आणि फ्रीसॅट प्रकारचा सेट-टॉप बॉक्स एवढ्यावर ते शक्य होते. टेकड्यांमागील किंवा किनाऱ्यावरील मुक्कामतळांवर भूमनोऱ्यांचा संदेश क्षीण असतो व ब्रॉडबँड बहुधा नसतेच. अशा ठिकाणी बातम्या आणि हवामानाचा अंदाज मिळवण्याचे हे एक भरवशाचे साधन आहे.

पार्श्वभूमी

उपग्रहावरील वाहिन्यांचे तीन प्रकार पडतात. काही पूर्णपणे खुल्या असतात. काही कूटबद्ध असतात, परंतु एकदा कार्ड घेतल्यावर मासिक शुल्क लागत नाही. उरलेल्या वर्गणीच्या असतात. बीबीसीच्या वाहिन्या २००३ पर्यंत उपग्रहावर कूटबद्ध स्वरूपात होत्या. त्या वर्षी बीबीसीने कूटबद्धीकरण सोडले आणि आपल्या वाहिन्या ॲस्ट्रा २डी या उपग्रहावर नेल्या. त्याच वर्षी आयटीव्हीनेही तोच मार्ग धरला.

या निर्णयामागील कारण समजून घेण्याजोगे आहे. चित्रपट व क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण हक्क देशापुरते विकत घेतलेले असतात. संदेश खुला ठेवायचा, तर तो देशाबाहेर फारसा पोहोचता कामा नये. ॲस्ट्रा २डीचा झोत ब्रिटन व आयर्लंडवर केंद्रित असल्यामुळे कुलपाचे काम भूगोलानेच केले. पुढे ६ मे २००८ रोजी बीबीसी व आयटीव्ही यांच्या संयुक्त उपक्रमातून फ्रीसॅट ही सेवा सुरू झाली.

साहित्य

डिश, तिच्या तोंडाशी बसणारा एलएनबी, समाक्ष केबल, सेट-टॉप बॉक्स आणि दूरचित्रवाणी संच हे मूळ साहित्य होय. एलएनबी हा १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झमधील संदेश खालच्या वारंवारतेवर आणून केबलमधून पाठवतो. त्याला लागणारी वीज बॉक्सकडूनच त्याच केबलने मिळते. १३ व्होल्ट दिल्यास उभे ध्रुवण आणि १८ व्होल्ट दिल्यास आडवे ध्रुवण निवडले जाते. जुना बॉक्स विकत घेताना मात्र सावधगिरी बाळगावी लागते. बीबीसीने जानेवारी २०२४ मध्ये उपग्रहावरील साध्या दर्जाचे प्रक्षेपण बंद केल्यामुळे केवळ तोच दर्जा उलगडणारे बॉक्स बीबीसीपुरते निरुपयोगी ठरले आहेत. कॅरॅव्हानधारकांच्या माळ्यावर असे बॉक्स अजून बरेच सापडतील.

घरांवरील स्कायच्या डिश ब्रिटनच्या बहुतेक भागांत सुमारे ४३ सेंटिमीटर आणि उत्तर स्कॉटलंडसारख्या भागांत ६० सेंटिमीटर आकाराच्या असतात. प्रवासी डिशही साधारण याच मापांच्या मिळतात. लहान डिशचा दृष्टिकोन रुंद असल्याने ती जुळवणे सोपे जाते, पण मुसळधार पावसात संदेश आधी तिचाच तुटतो. छतावर बसवलेल्या स्वयंचलित डिश कळ दाबताच उपग्रह शोधतात. त्या महाग असतात, आणि उघडणाऱ्या प्रकारातील डिश गाडी हलवण्यापूर्वी मिटवावी लागते.

डिशची जुळवणी

उपग्रह भूस्थिर कक्षेत, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्यामुळे आकाशात तो एकाच जागी स्थिर दिसतो. लंडनहून त्याचा दिगंश सुमारे १४५ अंश, म्हणजे आग्नेयेहून किंचित दक्षिणेकडे, आणि उन्नतांश सुमारे २५ अंश असतो. स्कॉटलंडमधील इनव्हरनेसहून उन्नतांश १९ अंशांच्या आसपास उतरतो.

नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत येथे होते. २५ अंश वर पाहायचे म्हणून तो डिश आकाशाकडे कलती करतो आणि काहीच सापडत नाही. प्रचलित डिशमध्ये एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूस असतो. या रचनेमुळे डिश प्रत्यक्षात तिच्या पत्र्याच्या तोंडापेक्षा वीसहून अधिक अंश वर पाहत असते. त्यामुळे ब्रिटनमध्ये योग्य जुळलेली डिश जवळजवळ उभी दिसते, आणि उत्तरेकडे तर किंचित पुढे झुकल्यासारखी वाटते. डिशच्या मागील मोजपट्टीवरील अंक हा फरक धरूनच छापलेला असतो, मात्र तिपाईचा दांडा ओळंब्यात असेल तरच तो खरा मानावा.

तिपाई घट्ट जमिनीवर ठेवून मेखांनी किंवा पाण्याच्या पिशवीने जखडतात. उन्नतांश आधी पक्का करून डिश आडव्या दिशेने अगदी सावकाश फिरवतात. बॉक्सला संदेश ओळखण्यास काही सेकंद लागतात, म्हणून प्रत्येक लहानशा हालचालीनंतर थांबणे आवश्यक असते. ६० सेंटिमीटर डिशचा मुख्य झोत जेमतेम ३ अंश रुंद असतो, त्यामुळे घाईने फिरवणारा उपग्रहाला ओलांडून जातो व ते त्याच्या ध्यानातही येत नाही. होकायंत्र गाडीपासून दूर उभे राहून पाहावे, कारण लोखंडामुळे सुई ढळते. जवळ वस्ती असल्यास त्याहून सोपी युक्ती आहे: घरांच्या भिंतींवरील डिश कोणीकडे पाहतात ते बघावे. त्यांपैकी बहुतेक याच उपग्रहाकडे वळलेल्या असतात.

संदेश मिळाला, तरी तो योग्य उपग्रहाचा आहे की नाही हे तपासावे लागते. डिश पश्चिमेकडे नेताना क्रमाने २३.५, १९.२ आणि १३ अंशांवरील उपग्रह लागतात. स्वस्त संदेशदर्शक यंत्र यांपैकी कोणासाठीही सारखेच वाजते. जर्मन वाहिन्यांची रांग दिसू लागली, तर डिश बहुधा १९.२ अंशांवर स्थिरावली आहे आणि ती पूर्वेकडे परत आणली पाहिजे. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवून ध्रुवणाचा कोन साधतात व संदेशाची गुणवत्ता सर्वाधिक होईल तेथे स्क्रू आवळतात.

झाडे हा या पद्धतीचा खरा शत्रू होय. ओली पाने कू-पट्ट्यातील संदेश शोषतात आणि काचेतून दिसते तसे त्यांतून काही पार जात नाही. जमिनीपासून १ मीटर उंचीवरील डिशपुढे १० मीटर उंचीचे झाड असल्यास लंडनच्या परिसरात त्यापासून सुमारे १९ मीटर आणि इनव्हरनेसजवळ सुमारे २७ मीटर दूर राहावे लागते. सुट्या तिपाईचा लाभ असा, की गाडी सावलीत ठेवून डिश मोकळ्यावर नेता येते.

वीज

तळावर वीजजोडणी नसल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीवर भिस्त असते. संच आणि बॉक्स मिळून ३६ वॉट घेत असतील, तर प्रवाह ३ अँपिअर होतो आणि ३ तासांत बॅटरीतून ९ अँपिअर-तास खर्च होतात. बॉक्स थेट १२ व्होल्टवर चालणारा असल्यास इन्व्हर्टरमधील नासाडी टळते.

परवाना

विनाशुल्क म्हणजे पूर्णतः फुकट नव्हे. ब्रिटनमध्ये थेट प्रक्षेपण पाहण्यासाठी दूरचित्रवाणी परवाना लागतो, मग संदेश कोणत्याही मार्गाने येवो. फिरत्या कॅरॅव्हानला घरचाच परवाना पुरतो. उद्यानात कायम उभ्या असलेल्या कॅरॅव्हानच्या बाबतीत, घरी व तेथे एकाच वेळी दूरचित्रवाणी पाहिली जात नसेल, तरच घरचा परवाना चालतो.

देशाबाहेर

बीबीसीने फेब्रुवारी २०१४ मध्ये वाहिन्या ॲस्ट्रा २ई या नव्या उपग्रहाच्या आणखी आवळलेल्या झोतावर नेल्या. उत्तर फ्रान्स व बेल्जियममध्ये अजूनही माफक डिशवर काम भागते. दक्षिण स्पेनमध्ये मात्र बागेत प्रचंड डिश उभारून वर्षानुवर्षे मायदेशाच्या वाहिन्या पाहणाऱ्या ब्रिटिश निवृत्तांचे प्रक्षेपण त्या महिन्यात बंद पडले. युरोपात फिरणारे अनेक जण म्हणून १९.२ अंशांवरील खुल्या जर्मन वाहिन्यांवर समाधान मानतात. फ्रान्समध्ये फ्रान्सॅट आणि इटलीत तिवूसॅट या कार्डावर चालणाऱ्या, मासिक वर्गणी नसलेल्या सेवा आहेत.

भारतात याच तत्त्वावर दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही सेवा चालते. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. डीडी सह्याद्री ही मराठी वाहिनी तीवर उपलब्ध आहे. पूर्व ९३.५ अंशांवरील जीसॅट-१५ हा तिचा उपग्रह पुण्याहून आग्नेयेस सुमारे ५९ अंश उंच दिसतो, त्यामुळे झाडांचा अडथळा ब्रिटनच्या मानाने पुष्कळ कमी. पावसाळ्यातील सरींचा अडथळा मात्र राहतोच.

भवितव्य

बीबीसी, आयटीव्ही, चॅनल ४ व चॅनल ५ यांच्या मालकीच्या एव्हरीवन टीव्ही या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये फ्रीली ही ब्रॉडबँडवर आधारलेली विनाशुल्क सेवा सुरू केली. फ्रीसॅटही याच संस्थेच्या अखत्यारीत आहे. घरगुती प्रेक्षकांना हा बदल सोयीचा असला, तरी जेथे ब्रॉडबँड नाही व मोबाइल जाळेही तुटक आहे, अशा तळांवरील मुक्कामींना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी २८.२ अंशांवरील प्रक्षेपण किती काळ चालू राहते, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.