बहिष्काराचा पत्ता

२०२० च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान हुतात्मा झाले, तेव्हा मी शाळेत होते. माझ्या मामांचे बाजारपेठेत विजेच्या सामानाचे लहानसे दुकान आहे. त्या दिवाळीच्या तोंडावर पेठेतले काही तरुण दुकानात आले आणि चिनी माळा विकायच्या नाहीत, असे त्यांनी बजावले. मामा शांतपणे म्हणाले, "बाबांनो, या मालाचे पैसे चीनला केव्हाच पोचले. आता जळेल ते माझे." तरुणांचा संताप खोटा नव्हता आणि मामांचा हिशेबही चुकीचा नव्हता. मामांनी खोकी उचलून मागच्या खोलीत ठेवली. माझ्या मनात मात्र एक प्रश्न घर करून राहिला. सामान्य माणूस शेजारच्या देशावर बहिष्कार टाकतो, तेव्हा तो नेमका पोचतो कोणाला?

यंदा राज्यशास्त्राच्या अभ्यासाच्या निमित्ताने दक्षिण कोरियाचे उदाहरण वाचनात आले आणि या प्रश्नाचा थोडा उलगडा झाला.

१९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे कोरिया जपानच्या अमलाखाली होता. महायुद्धाच्या काळात हजारो कोरियन माणसांना जपानी कारखान्यांत आणि खाणींत सक्तीने राबवले गेले. १९६५ साली दोन्ही देशांत करार झाला. जपानने ३० कोटी डॉलर मदत म्हणून व २० कोटी डॉलर कर्जाऊ दिले. सारे दावे त्यात मिटले, ही जपानची भूमिका. परंतु माणसाचे वैयक्तिक दुःख सरकारांच्या करारात मिटते काय? ३० ऑक्टोबर २०१८ रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जपानी पोलाद कंपनीने चार फिर्यादींना प्रत्येकी दहा कोटी वॉन भरपाई द्यावी. निकाल ऐकायला चौघांपैकी एकच जण हयात होते. त्यांचे वय ९४ वर्षांचे होते.

जुलै २०१९ मध्ये जपानने तीन रसायनांच्या कोरियाकडील निर्यातीवर निर्बंध घातले. संगणकाच्या चिप्स आणि दूरदर्शनचे पडदे बनवायला ही रसायने लागतात. हा राष्ट्रीय सुरक्षेचा भाग आहे, सूड नव्हे, असे जपानने सांगितले. कोरियन जनतेने ते मानले नाही.

सरकार रुसले तर राजदूत परत बोलावते. नागरिकाजवळ राजदूत नसतो. त्याच्याजवळ असतो तो खिसा. "जाणार नाही, घेणार नाही" हे त्या चळवळीचे ब्रीद झाले. युनिक्लो या जपानी कापड कंपनीचा एक अधिकारी, हा बहिष्कार फार काळ टिकणार नाही, असे बोलून गेला आणि आगीत तेल पडले. कंपनीला दोनदा क्षमा मागावी लागली. घरपोच पार्सले देणाऱ्या कामगारांच्या संघटनेने त्या कंपनीचा माल पोचवण्याचे नाकारले. एरवी जपानी बिअरचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक कोरियाच. पण त्या ऑक्टोबरात जपानहून कोरियाला गेलेली बिअर शून्य होती! २०१८ साली ७५ लाखांवर कोरियन प्रवासी जपानला गेले होते. २०१९ साली ते ५६ लाखांच्या आत आले.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बहिष्काराचा मार बसला तो बिअर, कपडे आणि सहल यांवर. ज्या रसायनांवरून भांडण पेटले, ती मात्र कारखान्यांना हवीच होती. म्हणजे ज्या वस्तूला पर्याय जवळ आहे, जी चारचौघांत दिसते आणि जिच्यावाचून फारसे अडत नाही, तिच्यावरच नागरिकांचा बहिष्कार चालतो. बिअर दुसरी मिळते, सहलीला व्हिएतनामलाही जाता येते. यात कमीपणा नाही. पण या हत्याराची धार कोठवर जाते, हे त्यावरून कळते.

ती जपानच्या मंत्रिमंडळाआधी पोचली त्सुशिमा बेटावर. कोरियाच्या बुसान बंदरापासून हे बेट अवघे पन्नास किलोमीटर. वस्ती सुमारे तीस हजारांची, आणि २०१८ मध्ये तेथे आलेले कोरियन पाहुणे चार लाखांवर! बोटी रिकाम्या येऊ लागल्या, तशी खानावळी आणि दुकाने ओस पडली. त्या दुकानदारांनी कोणाला सक्तीने राबवले होते?

मराठी माणसाला 'बहिष्कार' या शब्दाची दोन्ही रूपे ठाऊक आहेत. एक लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार : दुबळ्यांनी बलवंताविरुद्ध उगारलेला. दुसरा गावाने एखाद्या माणसावर टाकलेला. पाणी, वाट, बोलणे तोडणारा. याच दुसऱ्या बहिष्काराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ साली स्वतंत्र कायदा अमलात आला. पहिला केव्हा दुसऱ्यात उतरतो, ते पुष्कळदा टाकणाऱ्यालाही कळत नाही. कोरियात सप्टेंबर २०१९ पासून नव्या मोटारींच्या क्रमांकात एक अंक वाढला. त्यामुळे बहिष्कारानंतर जपानी मोटार कोणी घेतली, हे पाटीवरून ओळखू येऊ लागले आणि अशा मालकांची हेटाळणी सुरू झाली. राग टोकियोवर होता. तो शेजारच्या घरावर उतरला.

याच्या उलट बाजूची घटना मला फार मोलाची वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये सोल शहरातील एका प्रभागाच्या कचेरीने रस्तोरस्ती जपानविरोधी असे ११०० फलक लावण्याचा बेत केला. ६ तारखेला काही लागलेही. त्याविरुद्ध ओरड केली ती खुद्द बहिष्कार पाळणाऱ्या कोरियन नागरिकांनी! त्यांचे म्हणणे असे, की ही चळवळ लोकांची आहे, सरकारने तीत हात घालू नये. आणि शहरात आलेल्या जपानी पाहुण्याला आपण नकोसे आहोत असे वाटता कामा नये. आमचे भांडण जपानच्या सरकारशी आहे, जपानी माणसाशी नव्हे. त्याच दिवशी फलक उतरले. बहिष्काराच्या पाकिटावर पत्ता कोणाचा, हे त्या लोकांनी भर संतापातही विसरू दिले नाही.

मग बहिष्काराने साधले काय? जपानने निर्बंध उठवले ते मार्च २०२३ मध्ये, कोरियात सरकार बदलल्यावर आणि दोन्ही नेत्यांची भेट झाल्यावर. २०२४ साली ८८ लाख कोरियन प्रवासी जपानला गेले, म्हणजे पूर्वीहूनही अधिक. कोणी म्हणेल, सारे व्यर्थ. मला तसे वाटत नाही. एका ९४ वर्षांच्या वृद्धाचे दुःख हे आपलेही आहे, एवढे त्या लोकांनी स्वतःची पदरमोड करून सांगितले. मात्र आपल्या 'नाही'ने धोरण बदलेलच, या भ्रमात कोणी राहू नये.

म्हणून असा पुकारा कानी येईल तेव्हा आपण विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझा राग नेमका कोणावर आहे? यात मी स्वतः काय सोडतो आहे, की दुसऱ्यालाच सोडायला लावतो आहे? आणि हे थांबवायचे केव्हा?

गेल्या सुटीत मामांना त्सुशिमाची हकिकत सांगितली. त्यांनी लगेच विचारले, "मग त्या दुकानदारांचे पुढे काय झाले?" मी म्हटले, मध्ये महामारी आली, बोटी बंद पडल्या, २०२३ च्या फेब्रुवारीत त्या पुन्हा सुरू झाल्या. मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक परत येते गं. पण तोवर दुकानाचे भाडे थांबत नाही."