दोन पटलांमधली साखर (लेखांक ६)

मागच्या लेखांकात ग्रॅम-ऋण जिवाणूचे बाह्य पटल आणि त्यातली पोरिन प्रथिनांची छिद्रे पाहिली. हे पटल आणि पेशीद्रव्याभोवतीचे आतले पटल यांच्यामध्ये उरणारी अरुंद जागा म्हणजे पेरिप्लाझम. तिथे पेशीभित्तीचे जाळे असते हे पाठ्यपुस्तकात वाचायला मिळते. पण त्या जाळ्यात न गुंतलेल्या, पाण्यात मोकळ्या असलेल्या ग्लुकोजच्या लहान साखळ्यांचा उल्लेख क्वचितच होतो. हार्वर्डमधल्या यूजीन केनेडी यांच्या प्रयोगशाळेला १९७३ मध्ये या साखळ्या ई. कोलाय जिवाणूत आढळल्या, आणि त्याही पटलातल्या फॉस्फोलिपिडांचे पुढे काय होते याचा शोध घेताना! फॉस्फोलिपिडांचा एक तुकडा सुटून या साखरेवर जाऊन बसत होता. ई. कोलायमधल्या एका रेणूत साधारण ५ ते १२ ग्लुकोज घटक असतात. मुख्य साखळी बीटा-१,२ बंधांची, फाटे बीटा-१,६ बंधांचे. पोरिनच्या छिद्रांतून सुमारे ६०० डाल्टनपर्यंतचेच रेणू जातात. हा रेणू त्याहून मोठा असल्याने बाहेर पडू शकत नाही. शिवाय त्यावरच्या फॉस्फोग्लिसेरॉल आणि सक्सिनिल गटांवर ऋणभार असतो, त्यामुळे सोडियम-पोटॅशियमचे धन आयनही त्याच्याबरोबर आतच राहतात.

या रचनेवरून कार्याचा अंदाज सहज बांधता येतो. जिवाणू क्षार कमी असलेल्या पाण्यात आला की पाणी आत घुसू पाहते. पेरिप्लाझममध्ये ही साखर व तिचे आयन साठले, तर तिथला परासरण दाब पेशीद्रव्याच्या जवळ राहतो आणि आतल्या नाजूक पटलावर ताण येत नाही. केनेडी यांनी १९८२ मध्ये दाखवलेही, की माध्यमात क्षार कमी असतील तेव्हा या साखरेची निर्मिती खूप वाढते. इतके नेटके उत्तर हाती आले की शोध थांबवण्याचा मोह होतो. माझ्या मते हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. ही साखर पेशीच्या संदेशव्यवस्थेतही सामील आहे. परासरणाच्या स्पष्टीकरणाला पहिला धक्का ई. कोलायनेच दिला. ही साखर बनवूच न शकणारे उत्परिवर्ती जिवाणू कमी क्षारांतही जवळजवळ नेहमीसारखे वाढतात. बिघडते ते दुसरेच: त्यांची हालचाल आणि बाह्य पटलातल्या पोरिनचे प्रमाण.

यावर आक्षेप असा, की परासरणाचा ताण सोसणाऱ्या पेशीत बाकीचे बिघाड होणारच; त्यासाठी वेगळे कार्य कशाला मानायचे? बटाटा सडवणाऱ्या डिकेया या जिवाणूने त्याला चोख उत्तर दिले आहे. ही साखर नसलेला डिकेया बटाट्यावर रोग निर्माण करू शकत नाही. पण त्याच जिवाणूतली आरसीएस ही संदेशवाहक प्रथिनांची मालिका निकामी केली, की साखर नसतानाही त्याची रोगकारकता परत येते. अडचण केवळ दाबाची असती, तर संदेश तोडून ती सुटली नसती. साखर नाहीशी झाली की आरसीएस गरजेपेक्षा जास्त जागी होते, आणि रोग थांबतो तो तिच्यामुळे.

ब्रुसेलाचा पुरावा मला याहून ठळक वाटतो. गुरांमध्ये सांसर्गिक गर्भपात घडवणाऱ्या या जिवाणूची साखर साखळी नसून कडे आहे: बीटा-१,२ बंधांनी जोडलेले १७ ते २५ ग्लुकोज घटक. लसूणघासाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियम वर्गीय जिवाणूकडेही अशीच कडी असतात. ती नसतील तर गाठी होतात, पण जिवाणूंविना रिकाम्या राहतात. ब्रुसेला यजमानाच्या भक्षक पेशींत शिरतो आणि त्याला वेढणाऱ्या पिशवीचा लायसोसोमशी संयोग होऊ देत नाही. कडे नसलेल्या ब्रुसेलाला हे जमत नाही. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शुद्ध केलेले कडे बाहेरून पुरवल्यावर त्या जिवाणूची ही क्षमता परत आली. कोलेस्टेरॉल ओढून घेणाऱ्या मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन या कृत्रिम कड्यानेही तेच साधले. म्हणजे इथे साखर यजमान पेशीच्या पटलावर काम करते. जिवाणूच्या आतल्या दाबाशी त्याचा संबंध नाही.

मग परासरणाचे स्पष्टीकरण टाकून द्यायचे का? नाही. रायझोबियम वर्गातले कडे नसलेले उत्परिवर्ती जिवाणू कमी क्षारांत खरोखरच खुरटतात आणि क्षार घातले की सावरतात. एकाच साखरेची ही वेगवेगळी कामे आहेत, आणि कोणत्या जिवाणूत कोणते काम वरचढ हे प्रत्येक ठिकाणी प्रयोगानेच ठरवावे लागेल. पुढच्या आठवड्यात आरसीएसकडे वळू: तिचा आरसीएसएफ हा संवेदक बाह्य पटलात बसून पेरिप्लाझममधला बिघाड कसा ओळखतो, ते पाहू.