धान्यासाठी डायटम माती : योग्य निवड आणि सुरक्षित वापर

शेतातून घरात आलेले धान्य सुरक्षित झाले, असे आपण समजतो. प्रत्यक्षात साठवणीतील किडींचे काम तेथूनच सुरू होते. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार, काढणीपासून साठवणीपर्यंतच्या सर्व टप्प्यांत मिळून तृणधान्यांची ४.६५ ते ५.९९ टक्के, तर कडधान्यांची ६.३६ ते ८.४१ टक्के हानी होते. या हानीतील साठवणीचा वाटा शेतकरी कुटुंबाला सर्वाधिक जाणवतो, कारण पीक काढणी, मळणी आणि वाहतूक या साऱ्यांतून वाचलेले धान्य घरात डोळ्यांदेखत पोखरले जाते.

या किडींवर घरगुती उपाय म्हणून अनेक ठिकाणी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोठीत ठेवल्या जातात. या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसालाही प्राणघातक आहे. हे औषध घरगुती वापरासाठी नाहीच. ते प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखाली आणि हवाबंद जागेतच वापरावयाचे असते. शिवाय आपल्या देशातील काही साठवण किडींमध्ये फॉस्फिनविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण झाल्याचेही आढळले आहे. त्यामुळे विषारी रसायनाविना धान्य राखण्याच्या पद्धतींकडे शेतकऱ्यांचे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. डायटोमेशियस अर्थ, म्हणजेच डायटम माती, ही अशा पद्धतींपैकी एक. ती उपयुक्त आहे. मात्र तिच्या नावाने बाजारात मिळणारी प्रत्येक पांढरी भुकटी धान्यासाठी योग्य नसते.

एका प्रशिक्षण वर्गातील अनुभव

काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर परिसरातील महिला बचत गटांसाठी बियाणे साठवणीचा वर्ग घेण्याचा प्रसंग आला. मागील वर्षीच्या वर्गात आम्ही डायटम मातीची माहिती दिली होती. त्या वर्गास उपस्थित असलेल्या एक वयस्कर भगिनी या वेळी पिशवी घेऊनच आल्या होत्या. "मॅडम, तुम्ही सांगितलेली माती आणली. पिठासारखी पांढरीशुभ्र आहे, म्हणून दोन पैसे जास्तच दिले," असे त्या म्हणाल्या. पिशवी पाहिली असता तिच्यावर ती भुकटी गाळणीसाठी असल्याचा उल्लेख होता. पाणी व द्रवपदार्थ गाळण्याच्या उद्योगात वापरली जाणारी, भट्टीत भाजलेली डायटम माती होती ती. निम्मी पिशवी त्यांनी बंद खोलीत हरभऱ्यात मिसळली होती आणि त्या वेळी त्यांचा लहान नातू शेजारीच खेळत होता.

"मावशी, एकदा उडालेल्या धुळीने घाबरून जाऊ नका, परंतु ही पुन्हा उघडू नका," असे त्यांना सांगितले. तो हरभरा त्यांनी केवळ बियाणे म्हणून बाजूला ठेवला. चूक मात्र त्यांची नव्हती. आम्ही 'डायटम माती वापरा' एवढेच सांगितले होते. कोणती, हे सांगितले नव्हते. प्रस्तुत लेख त्या अपुऱ्या सूचनेची पूर्तता करण्यासाठी आहे.

डायटम माती म्हणजे काय?

डायटम हे पाण्यात राहणारे एकपेशीय शैवाल होय. त्याच्या पेशीभोवती सिलिकाचे कवच असते आणि ते डबी व झाकण यांप्रमाणे एकमेकांत बसणाऱ्या दोन भागांचे बनलेले असते. म्हणूनच मराठीत या सजीवांना 'करंडक वनस्पती' असेही म्हटले जाते. समुद्राच्या किंवा सरोवरांच्या तळाशी लक्षावधी वर्षे साचलेल्या या कवचांचे थर म्हणजे डायटम मातीच्या खाणी. नैसर्गिक अवस्थेत तिच्यातील सिलिका मुख्यत्वे अस्फटिकी स्वरूपाची असते.

प्रत्येक कवचाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे या भुकटीची शोषणशक्ती विलक्षण असते. आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ मध्ये पेटंट घेतलेल्या डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन शोषून धरण्यासाठी हीच माती वापरली होती. धान्य साठवणीतही तिचा हाच गुण कामी येतो.

कीड कशी मरते?

कीटकाच्या शरीरावर मेणासारख्या पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे हे त्याचे काम. कोरड्या धान्यात राहणाऱ्या सोंड्या भुंग्याला किंवा तांबड्या भुंगेऱ्याला पाणी जवळजवळ धान्यातूनच मिळते. म्हणून हा थर त्यांच्यासाठी जीवनावश्यक आहे. धान्यातून फिरताना अंगाला चिकटलेली डायटम माती हे मेण शोषून घेते, काही प्रमाणात ओरखडेही पाडते. शरीरातील पाणी उडून जाते आणि कीटक शुष्क होऊन मरतो. ही क्रिया भौतिक आहे. तिच्यात विषबाधेचा संबंध नाही.

आपल्याकडे मूग, तूर यांना राख किंवा तांबडी माती चोळून ठेवण्याची जुनी रीत आहे. तिच्यामागील तत्त्वही बरेचसे असेच. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी सक्रिय कोळसा व सक्रिय मातीच्या कीटकनाशक परिणामांविषयीचे आपले निष्कर्ष १९५९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. म्हणजे कोरड्या भुकटीने कीड मारण्याचे शास्त्र आपल्या देशाला नवे नाही.

एक नाव, तीन पदार्थ

खाणीतून काढलेली डायटम माती तीन प्रकारे बाजारात येते.

१. नैसर्गिक : केवळ वाळवून, दळून आणि वर्गीकरण करून तयार केलेली. रंग साधारणतः मळकट पांढरा, राखाडी किंवा पिवळसर. धान्यासाठी हाच प्रकार योग्य.

२. भाजलेली : भट्टीत उच्च तापमानाला तापवलेली. रंग बहुधा फिकट गुलाबी किंवा तपकिरी.

३. क्षार घालून भाजलेली : सोडा ॲशसारखा क्षार मिसळून भाजलेली. रंग पांढराशुभ्र.

दुसरा व तिसरा प्रकार पोहण्याच्या तलावांतील पाणी, सरबते, बिअर इत्यादी गाळण्यासाठी उपयोगी पडतो. भाजण्याच्या क्रियेत अस्फटिकी सिलिकेचा मोठा भाग क्रिस्टोबलाइट या स्फटिकी रूपात बदलतो. येथेच धोका निर्माण होतो. स्फटिकी सिलिकेची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो. मध्य प्रदेशातीलच मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांत या रोगाने केलेली हानी आपल्या देशाच्या व्यावसायिक आरोग्याच्या इतिहासात नोंदली गेली आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. अस्फटिकी सिलिका त्या गटात नाही.

थोडक्यात, 'जितकी शुभ्र तितकी शुद्ध' हा आपला नेहमीचा ग्राहकी नियम येथे उलटा पडतो. तथापि, केवळ रंगावरूनही निर्णय घेऊ नये. खाणीनुसार रंग बदलतो. खात्री कागदपत्रांवरूनच करावी.

खरेदी करताना काय पाहावे?

• वेष्टनावर 'फूड ग्रेड' आणि 'नॅचरल' किंवा 'अनकॅल्साइन्ड' असे दोन्ही उल्लेख असावेत. 'फिल्टर ग्रेड', 'फिल्टर एड', 'पूल ग्रेड' किंवा 'कॅल्साइन्ड' असे लिहिले असल्यास ती भुकटी घेऊ नये.

• विक्रेत्याकडे सुरक्षा माहितीपत्रक मागावे. त्यात पदार्थाचा सीएएस क्रमांक असतो. नैसर्गिक मातीचा क्रमांक ६१७९०-५३-२, भाजलेल्या मातीचा ९१०५३-३९-३ आणि क्षार घालून भाजलेल्या मातीचा ६८८५५-५४-९ असा आहे. विक्रेत्याने तोंडी काहीही सांगितले तरी हा क्रमांक खरे ते सांगतो.

• स्फटिकी सिलिकेचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी असल्याचे, तसेच शिसे व आर्सेनिक यांचे प्रमाण तपासल्याचे विश्लेषण प्रमाणपत्र पाहावे.

• भुकटी कीडनाशक म्हणून विकली जात असेल, तर कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये नोंदणी आवश्यक ठरते. वेष्टनावर नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे.

• सुटी, नाव नसलेली किंवा दुसऱ्या पिशवीत भरून दिलेली भुकटी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

वापरण्याची पद्धत

डायटम मातीचे यश धान्याच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. तृणधान्यातील ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणि कडधान्यातील ९ ते १० टक्क्यांपर्यंत खाली आणावा. ओलावामापक नसल्यास दाणा दाताखाली धरून पाहावा; तो दबता कामा नये, कट्कन फुटला पाहिजे. उन्हात वाळवलेले धान्य सावलीत पूर्ण थंड होऊ द्यावे, चाळून त्यातील फुटके दाणे व कचरा काढावा आणि मगच भुकटी मिसळावी.

मात्रा वेष्टनावरील सूचनेनुसारच ठेवावी. सुधारित उत्पादनांची मात्रा साधारणतः एक टन धान्यास अर्धा ते एक किलो, म्हणजे एक क्विंटलला ५० ते १०० ग्रॅम इतकी असते. अधिक घातल्याने लाभ वाढतोच असे नाही. धूळ मात्र वाढते.

मिसळण्याचे काम उघड्यावर, वारा पडलेला असताना करावे. पंखा लावू नये. एन-९५ दर्जाचा मास्क, चष्मा व हातमोजे वापरावेत. तोंडाला बांधलेला पदर किंवा रुमाल इतकी बारीक धूळ अडवू शकत नाही. लहान मुले, दम्याचे रुग्ण आणि जनावरे यांना दूर ठेवावे. नैसर्गिक माती असली तरी ही खबरदारी आवश्यक आहे, कारण कोणतीही सूक्ष्म धूळ डोळे, घसा व श्वासनलिका यांना त्रास देते.

थोड्या धान्यासाठी झाकणाचे कोरडे पिंप सोयीचे. पिंपाचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवून धान्य व भुकटी आलटून पालटून घालावी, झाकण घट्ट लावून पिंप जमिनीवर काही मिनिटे लोळवावे आणि धूळ खाली बसू देऊन नंतरच उघडावे. धान्य भरण्यापूर्वी रिकाम्या कोठीच्या फटी व कोपरे स्वच्छ करून तेथेही भुकटीचा हलका थर द्यावा; मागील हंगामातील कीड तेथेच दबा धरून बसलेली असते.

खाण्यासाठी काढलेले धान्य मास्क लावून उघड्यावर चाळावे. तांदूळ व डाळी आपण धुतोच. गहू, ज्वारीही धुऊन, वाळवून मगच गिरणीत न्यावी. भुकटीसह धान्य दळल्यास ती धूळ गिरणीवाल्याच्या नाकातोंडात जाते, याचे भान ठेवावे.

मर्यादा

ही भुकटी तत्काळ परिणाम करीत नाही. किडी मरण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. सोंड्या भुंग्याची मादी दाण्यात छिद्र पाडून आत अंडे घालते व अळी आतच वाढते; कडधान्यावरील भुंगेऱ्याची अळी अंड्यातून थेट दाण्यात शिरते. दाण्याच्या आतील या अवस्थांपर्यंत भुकटी पोहोचत नाही. त्यामुळे कीड लागलेल्या धान्यावरील उपचार म्हणून नव्हे, तर स्वच्छ धान्याच्या संरक्षणासाठी ती वापरावी. तांबडा भुंगेरा इतर अनेक किडींच्या तुलनेत तिला अधिक दाद देत नाही, हेही लक्षात ठेवावे.

हवेतील आर्द्रता वाढली की परिणाम घटतो. म्हणून कोकण, केरळ, किनारी ओडिशा किंवा आसाम येथील पावसाळ्यात केवळ या मातीवर विसंबून राहू नये. नीट वाळवलेले धान्य हवाबंद पिशवीत ठेवणे तेथे अधिक श्रेयस्कर. बुरशीवर या भुकटीचा उपयोग नाही. शिवाय ती मिसळल्याने धान्याची घसरण मंदावते आणि ठरावीक मापात बसणारे वजन कमी होते. विक्रीसाठीच्या धान्यात ती घालण्यापूर्वी खरेदीदारास विचारावे. उभ्या पिकाच्या फुलांवर तर ती धुरळूच नये. मधमाशीलाही ती मारक ठरू शकते.

'अन्न दर्जा' म्हणजे अन्न नव्हे

'फूड ग्रेड' या शब्दांचा अर्थ पदार्थ अन्नाच्या संपर्कात येण्याइतका शुद्ध आहे, एवढाच. पोट साफ करण्यासाठी ही भुकटी रोज पाण्यातून घ्यावी, असे सल्ले अलीकडे ऐकू येतात. त्यांना भरवशाचा वैद्यकीय आधार नाही. जनावरांच्या जंतांसाठीही तिच्यावर विसंबून पशुवैद्यकाचे औषध टाळू नये. हे दोन्ही शब्द श्वासाविषयीही काहीच सांगत नाहीत. पोटात गेल्यास निरुपद्रवी असलेला पदार्थ फुप्फुसात गेल्यास निरुपद्रवी असतोच असे नाही.

बऱ्हाणपूरच्या त्या भगिनी पुढील हंगामात पुन्हा भेटल्या. या वेळी त्यांनी आणलेली भुकटी मळकट, राखाडी होती आणि सोबत विक्रेत्याकडून मागून घेतलेले माहितीपत्रक होते. त्यावरील क्रमांकाखाली त्यांनी पेनाने रेघ ओढली होती. हरभरा त्यांनी अंगणात, नातवाला शेजारी पाठवून मिसळला होता. धान्य वाळवण्याची दक्षता त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होती. उणीव होती ती योग्य वेळी मिळालेल्या नेमक्या माहितीची. आपल्या गटात, गावात डायटम मातीचा विषय निघाल्यास तिच्या नावासोबत तिचा प्रकारही अवश्य सांगावा.