भाजीपाला ताजा ठेवणारी घरगुती उपकरणे : दावे किती खरे, खर्च कितपत सार्थ?

नवी दिल्ली : फ्रिजमध्ये ठेवण्याची अंड्याच्या आकाराची डबी, भाजी दुप्पट-तिप्पट दिवस टिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या पिशव्या, आतील हवा ओढून घेणारे डबे आणि ओझोन सोडणारी छोटी यंत्रे. स्वयंपाकघरासाठीच्या अशा उपकरणांची ऑनलाइन बाजारात सध्या रेलचेल आहे. किमतीत मोठी तफावत असली, तरी दावा बहुधा एकच असतो : फळे व भाज्या अधिक दिवस ताज्या राहतील आणि वाया जाणारा पैसा वाचेल. हा दावा पारखायचा असेल, तर मुळात भाजी का खराब होते, हे समजून घ्यावे लागते. कारण यांतील प्रत्येक उपकरण नासाडीच्या एखाद्याच कारणावर उपाय करते. ते कारण आपल्या घरात मुख्य नसेल, तर उपकरण उत्तम असूनही निरुपयोगी ठरते.

नासाडीचे प्रमाण

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्न नासाडी निर्देशांक अहवालानुसार, भारतीय घरांमध्ये दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. जागतिक सरासरी ७९ किलो आहे. या आकड्यात साली, देठ, बिया असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत. त्यामुळे हे सर्व अन्न वाचवता आले असते, असा त्याचा अर्थ होत नाही.

भाजी घरी येण्यापूर्वीचे नुकसानही मोठे आहे. केंद्रीय अन्न प्रक्रिया उद्योग मंत्रालयासाठी नॅबकॉन्स या संस्थेने २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात, काढणीपश्चात नुकसान फळांमध्ये सुमारे ६ ते १५ टक्के आणि भाज्यांमध्ये सुमारे ५ ते १२ टक्के आढळले. घरगुती उपकरणांच्या दृष्टीने या आकड्यांमागची वस्तुस्थिती महत्त्वाची आहे. उन्हात तासन्‌तास पडलेली, गोणीत दबलेली, वारंवार पाणी शिंपडलेली मेथीची जुडी घरी येते, तेव्हा तिचे निम्मे आयुष्य सरलेले असू शकते. ते आयुष्य कोणतेही उपकरण परत देऊ शकत नाही. फार तर उरलेले थोडे लांबवू शकते.

खराब होण्याची चार कारणे

पहिले कारण श्वसन. तोडलेली भाजी जिवंतच असते. ती प्राणवायू घेते आणि साठवलेली साखर खर्च करते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की हा वेग साधारणपणे दोन ते तीन पटींनी वाढतो. म्हणूनच थंडावा हा टिकवणुकीचा सर्वांत प्रभावी उपाय आहे.

दुसरे कारण पाण्याची घट. पालक, काकडी यांसारख्या भाज्यांत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्यातील थोडा अंश जरी उडून गेला, तरी पाने माना टाकतात.

तिसरे कारण बुरशी आणि जीवाणू. त्यांना ओल आणि खरचटलेली जागा हवी असते. येथे एक पेच निर्माण होतो : सुकू नये म्हणून भाजीला दमट हवा हवी, पण पानांवर पाणी साचले की तीच भाजी चिकट होऊन सडते.

चौथे कारण इथिलिन. हा फळांतूनच बाहेर पडणारा वायू वनस्पतींसाठी संप्रेरकाचे काम करतो. आंबा, केळी, पपई, चिकू, सीताफळ, सफरचंद, टोमॅटो ही फळे तोडल्यावरही पिकतात आणि पिकताना मोठ्या प्रमाणात इथिलिन सोडतात. गवतात आंब्याची अढी घातली जाते, तेव्हा हाच वायू आणि ऊब कोंडून ठेवली जाते. एक नासका आंबा अढी नासवतो, या म्हणीमागेही इथिलिन आणि बुरशीचा प्रसार ही दोन्ही कारणे आहेत. याउलट द्राक्षे, डाळिंब, संत्री, मोसंबी ही फळे तोडल्यानंतर पिकत नाहीत. त्यांच्या बाबतीत इथिलिनपेक्षा सुकणे आणि बुरशी हेच खरे शत्रू ठरतात.

इथिलिन शोषणाऱ्या डब्या आणि पुड्या

या डब्यांमागील विज्ञान खरे आहे. अनेक डब्यांत पोटॅशियम परमँगनेट मुरवलेले सच्छिद्र खडे असतात. त्यांच्या संपर्कात आलेल्या इथिलिनचे ऑक्सिडीकरण होते आणि खड्यांचा जांभळा रंग तपकिरी होतो. केळी दूरवर पाठवताना अशा पुड्या व्यापारी पातळीवर वापरल्या जातात.

परंतु तेथील परिस्थिती आणि घरातील फ्रिज यांत मोठा फरक आहे. निर्यातीच्या बंद खोक्यात एकाच जातीचे फळ अनेक दिवस राहते. घरातील फ्रिजचे दार दिवसातून कितीतरी वेळा उघडते आणि साठलेला वायू दरवेळी बाहेर पडतो. शिवाय थंडीमुळे इथिलिन तयार होण्याचा वेग मुळातच कमी झालेला असतो. त्यामुळे संपूर्ण फ्रिजसाठी एक डबी ठेवून फार फरक पडेल, ही अपेक्षा धरता येत नाही. सफरचंदे किंवा नासपती घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे ठेवायची असतील, तर पुडीचा काही उपयोग होऊ शकतो. मेथी आणि कोथिंबीर सुकण्यावर मात्र तिचा काहीही परिणाम होत नाही.

खड्यांचा रंग बदलल्यानंतर पुडी निकामी होते आणि नवी घ्यावी लागते, हा आवर्ती खर्चही हिशेबात धरावा लागतो. पोटॅशियम परमँगनेट पोटात जाणे घातक असल्याने पुडी फाटू न देणे आणि मुलांपासून दूर ठेवणे आवश्यक आहे.

टिकाऊपणाच्या पिशव्या आणि जाळीचे डबे

खनिजाची भुकटी मिसळलेल्या पिशव्या इथिलिन शोषतात, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यांचा बराचसा लाभ ओलावा टिकवण्यातून येतो. आणि तो चार-सहा भोके पाडलेल्या साध्या पिशवीतूनही बऱ्याच अंशी मिळतो. व्यापारी वेष्टनात प्लास्टिकची जाडी व छिद्रे त्या-त्या मालाच्या श्वसनाच्या वेगानुसार ठरवलेली असतात. मटार, भेंडी आणि पेरू यांना एकच पिशवी सारखीच लागू पडणे शक्य नाही.

तळाशी जाळी असलेले डबे तुलनेने साधे, पण उपयुक्त आहेत. सुटलेले पाणी जाळीखाली उतरते, भाजी कोरडी राहते आणि झाकणामुळे आतील हवा दमट राहते. वर सांगितलेला ओल आणि दमटपणाचा पेच या रचनेने बराचसा सुटतो. निवडलेल्या पालेभाज्या आणि द्राक्षे यांसाठी असे डबे घेण्यासारखे आहेत. जुन्या डब्याच्या तळाशी सुती कापड किंवा कागद अंथरूनही हेच साधता येते.

हवा काढून घेणारी यंत्रे

सुकामेवा, मसाले, कॉफी आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे मटार, मक्याचे दाणे किंवा खोवलेले खोबरे यांसाठी ही यंत्रे खरोखर उपयोगी आहेत. प्राणवायू नसल्याने तेलकट पदार्थ खवट होत नाहीत आणि गोठवलेल्या पदार्थांवर बर्फाचे थर जमत नाहीत.

ताज्या भाजीचे गणित वेगळे आहे. प्राणवायू पूर्णपणे तोडला की भाजीत आंबण्यासारखी प्रक्रिया सुरू होऊन उग्र वास येतो. कोबी आणि फ्लॉवर यांतून वायू सुटून पिशवी फुगते. त्याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू प्राणवायूविरहित वातावरणातच वाढतो आणि त्याचे विष प्राणघातक ठरू शकते. म्हणून अळंबी किंवा सोललेला लसूण हवाबंद करून फ्रिजबाहेर ठेवणे धोक्याचे आहे. हवा काढणे हा थंडाव्याला पर्याय नाही.

ओझोन यंत्रे

ओझोन जंतुनाशक आहे, यात शंका नाही. मात्र जंतू मारण्याइतका ओझोन फुप्फुसांनाही त्रासदायक असतो आणि निरुपद्रवी पातळीवर त्याचा परिणाम क्षीण राहतो. शीतगृहांत तो मोजमाप करून, माणसांचा वावर टाळून वापरता येतो. घरात अशी व्यवस्था नसते. दम्याचे रुग्ण असलेल्या घरांनी ही यंत्रे टाळणेच योग्य.

पाण्यात ओझोन सोडून कीटकनाशके काढण्याचा दावाही केला जातो. पृष्ठभागावरील काही अंश अशा प्रकारे कमी होऊ शकतो. वनस्पतीच्या आत भिनलेले कीटकनाशक मात्र धुऊन निघत नाही. शिवाय धुतलेली भाजी नीट न वाळवता ठेवली, तर ती अधिक लवकर सडते.

फ्रिजविना थंडावा

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष या विषयात विशेष उल्लेखनीय आहे. विटांच्या दोन भिंतींमधील साडेसात सेंटिमीटरच्या पोकळीत वाळू भरून ती पाण्याने ओली ठेवली जाते. पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते आणि कडक उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहू शकते. आतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. गुजरातमधील वांकानेर येथील मनसुखभाई प्रजापती यांचा विजेविना चालणारा मातीचा फ्रिज याच तत्त्वावर आधारलेला आहे. पाण्याचा माठही तेच करतो.

या तत्त्वाला हवामानाची मर्यादा आहे. हवा कोरडी असेल तरच बाष्पीभवन वेगाने होते. त्यामुळे मे महिन्यात दिल्ली, इंदूर, नागपूर किंवा सोलापूर येथे मातीचे शीतपात्र उत्तम काम करील. पावसाळ्यातील मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथे मात्र त्याचा थंडावा नाममात्र राहील. खरेदीपूर्वी आपल्या गावची हवा विचारात घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

खर्चाचा हिशेब

उदाहरणादाखल, एखादे कुटुंब आठवड्याला ५०० रुपयांची फळे-भाजी आणते आणि त्यातील दहावा हिस्सा टाकून देते, असे मानू. आठवड्याला ५० रुपये म्हणजे वर्षाला २,६०० रुपयांचे नुकसान झाले. एखाद्या उपकरणाने यातील एक तृतीयांश नासाडी टाळली, तर वर्षाला सुमारे ८७० रुपये वाचतील. तीन हजार रुपयांच्या उपकरणाची किंमत वसूल होण्यास जवळपास साडेतीन वर्षे लागतील. वीज, पिशव्या आणि पुड्यांचा खर्च वेगळाच. तीनशे रुपयांचा जाळीचा डबा मात्र याच प्रमाणात उपयोगी पडला, तर चार-पाच महिन्यांत वसूल होतो. प्रत्येक घराने आपले आकडे घालून हा हिशेब केल्यास निर्णय सोपा होईल. रोज ताजी भाजी आणणाऱ्या घराला अशा उपकरणांची गरज फारशी नाही. आठवड्याचा बाजार एकदम भरणाऱ्या घराला ती अधिक आहे.

आधी जे विनाखर्च करता येते

फ्रिजचे तापमान ४ अंशांच्या आसपास आहे की नाही, हे साध्या तापमापकाने पाहता येते. दाराचे रबर सैल झाले असेल, तर ते बदलणे कोणत्याही डबीपेक्षा अधिक लाभाचे ठरेल. भाजीच्या कप्प्यात आर्द्रतेची सरकपट्टी असल्यास पालेभाज्यांसाठी ती बंद आणि पिकणाऱ्या फळांसाठी उघडी ठेवावी.

पालेभाजी न धुता, सडकी पाने काढून, कोरड्या सुती कापडात गुंडाळावी. केळी १३ अंशांखाली काळवंडतात, तर कच्च्या टोमॅटोची पिकण्याची क्षमता व चव थंडीने बिघडते. ही दोन्ही बाहेरच बरी. वांगी आणि काकडी यांनाही अतिथंडी मानवत नाही. ती दोन-तीन दिवसांत संपवावीत. फ्रिजमध्ये बटाट्यातील पिठूळ अंशाची साखर होते व तळताना तो काळपट पडतो. त्याला अंधारी, हवेशीर जागा द्यावी. कांद्याला कोरडी, खेळती हवा लागते. नाशिक भागातील कांदा चाळींची रचना याच तत्त्वावर असते. पिकलेली फळे पालेभाज्यांपासून दूर ठेवल्यास इथिलिनचा प्रश्नही बराचसा मिटतो.

दाव्यांची शहानिशा

एखादे उपकरण घ्यायचेच असेल, तर काही प्रश्न विचारावेत. चाचणी कोणत्या फळा-भाजीवर, किती तापमानाला आणि कशाशी तुलना करून झाली? उघड्यावर ठेवलेल्या भाजीशी तुलना केली असेल, तर साधी पिशवीही विजयी ठरते. बदलावयाचा भाग कितीला आणि किती दिवसांनी? परत करण्याची मुदत किती?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुनरावृत्ती झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी देयक आणि जाहिरातीची प्रत जपून ठेवणे हिताचे आहे.

एकंदरीत, जाळीचे डबे बहुतेक घरांना, हवा काढणारे यंत्र गोठवण करणाऱ्यांना आणि मातीचे शीतपात्र कोरड्या हवेच्या प्रदेशांना उपयोगी पडू शकते. इथिलिनच्या डब्यांचा लाभ मर्यादित आहे, तर ओझोन यंत्रांवर खर्च करण्यास सबळ कारण दिसत नाही.