गर्भवतीची फ्लूची लस आणि अंड्याचा प्रश्न

डॉक्टरांनी गर्भवती सुनेस फ्लूची लस घेण्यास सुचविले, की आपल्या घरांतून बहुधा पहिला प्रश्न येतो, ‘ती अंड्यापासून बनते ना?’ प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेणे योग्य नाही. म्हणून आधी वस्तुस्थिती पाहू.

फ्लूच्या बहुतेक लसींसाठी लागणारा विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवितात. अंडी सुमारे दहा-अकरा दिवसांची असतात, म्हणजे आत गर्भ असतो आणि या प्रक्रियेत तो जगत नाही. पुढे विषाणू निष्क्रिय करून शुद्ध करतात; लसीत अंड्यातील प्रथिनाचा अत्यल्प अंश उरतो. अंड्याविना बनणाऱ्या लसीही जगात आहेत. पैकी एक प्राण्यांच्या पेशींत, तर दुसरी कीटकांच्या पेशींच्या साहाय्याने तयार होते. म्हणजे तेथेही प्राणिसृष्टीशी संबंध पूर्णपणे सुटत नाही. आपल्याकडे मिळणारी लस मुख्यतः अंड्यावरचीच असते. हिंसा आहे, हे मान्य करूनच पुढे विचार करावा लागतो.

आता दुसरी बाजू. गर्भारपणात शरीराची प्रतिकारव्यवस्था बदलते, हृदयावरील भार वाढतो, वाढत्या गर्भाशयामुळे श्वासपटल वर सरकते. त्यामुळे इतरांस चार दिवसांत बरा होणारा फ्लू गर्भवतीस न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात देशातील पहिला बळी घेतला, तो एका शाळकरी मुलीचा. त्या साथीत जगभर गर्भवतींची गणना अधिक धोक्याच्या गटात झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये फ्लूच्या लसीसाठी गर्भवतींना सर्वाधिक प्राधान्य द्यावे असे सांगितले. प्रसूतितज्ज्ञांची ‘फॉग्सी’ ही अखिल भारतीय संघटनाही या लसीची शिफारस करते.

बाळाचा विचार तर याहून महत्त्वाचा. सहा महिन्यांपर्यंतच्या अर्भकास फ्लूची लस देताच येत नाही. त्याचे रक्षण होते ते आईच्या शरीरात तयार होऊन नाळेवाटे आलेल्या प्रतिपिंडांनी. बांगलादेशात ३४० मातांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मातांनी ही लस घेतली होती त्यांच्या बाळांत, पहिल्या सहा महिन्यांत, तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला.

शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा टाळावी. उरलेल्या तिन्हींत विवेक व यत्नाचार राखावा. मुनींचे महाव्रत आणि श्रावकाचे अणुव्रत यांतील अंतर ते हेच. लस हा आहार नव्हे. ती जिव्हेच्या तृप्तीसाठी घेतली जात नाही, दोन जीवांच्या रक्षणासाठी घेतली जाते. माझ्या अल्पमतीप्रमाणे गर्भवतीने ती घ्यावी. मनात शल्य राहत असेल तर गुरुमहाराजांपुढे मोकळेपणाने बोलावे, प्रायश्चित्त विचारावे. परंतु त्या शंकेत चार महिने घालवू नयेत.

निष्क्रिय विषाणूची, इंजेक्शनने दिली जाणारी लसच गर्भवतीस चालते. नाकात फवारण्याच्या लसीत जिवंत, दुर्बल केलेला विषाणू असल्याने ती देत नाहीत. दंड दुखणे, किंचित ताप येणे एवढा त्रास एक-दोन दिवस होऊ शकतो. पूर्वी एखाद्या लसीची तीव्र अॅलर्जी झाली असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. विषाणूचे रूप पालटत असल्याने गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात व पुन्हा हिवाळ्यात उसळतो, हा हिशेब ध्यानी ठेवावा. शासनाने २०१५ पासून दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींसाठी ही लस मोफत देण्यास आरंभ केला. उपलब्धतेची चौकशी जवळच्या शासकीय रुग्णालयात करावी.

आपल्या घरांत दुकान आणि घर यांत अंतर थोडेच असते. दिवसभर गल्ल्यावर बसणारा शेकडो गिऱ्हाइकांच्या सहवासात येतो आणि रात्री त्याच घरी परततो. बँकेच्या काउंटरवर पावसाळ्यात एकामागोमाग एक सहकारी आजारी पडताना मी प्रतिवर्षी पाहिले आहे. तेव्हा सासरे, पती, दीर यांनीही लसीविषयी डॉक्टरांना विचारावे, आणि खोकला असताना बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नये. गर्भारपणात लस राहून गेली असेल, तर अंगावर पाजणाऱ्या मातेसही ती घेता येते.