पिवळे कार्ड

येत्या जुलैत मी आणि सौ. पहिल्यांदाच देशाबाहेर जाणार आहोत. मुलगा नोकरीनिमित्त केनियात, नैरोबीला असतो. नातू तिकडे शाळेत जाऊ लागला आहे. पासपोर्ट हातात आल्यापासून दवाखान्यात गर्दी नसली की मी नकाशा उघडून बसतो. कंपाउंडर हसतो, हसू द्या.

आफ्रिका म्हणजे वर्ध्याच्या मे महिन्यापेक्षाही कडक ऊन, अशी माझी समजूत होती. मुलाने ती फोनवरच मोडली. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर वसलेले आहे. आपल्या कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर! जुलैत तिथे स्वेटर लागतो. सौ.ने ऐन उन्हाळ्यात कूलरसमोर बसून स्वेटरच्या घड्या घातल्या.

पण खरी तयारी वेगळीच निघाली. केनियाला जायचे तर पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फिव्हरची लस घ्यावी लागते. गंमत अशी की आपण भारतातून थेट गेलो, तर या लशीचे पिवळे कार्ड तिकडे जाताना नव्हे, तर परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. एवढा कडकपणा कशाला, असे कोणी विचारेल. हा आजार पसरवणारा एडिस डास आपल्याकडे आहेच. वर्ध्याच्या कूलरमध्ये वाढून डेंग्यू देतो तोच हा. डास आहे, पण पिवळ्या तापाचा विषाणू अजून आपल्या देशात नाही. तो एखाद्या प्रवाशाच्या रक्तातून आला तर काय होईल, हे डेंग्यूच्या साथी पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

ही लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची असते. साठीनंतर ती पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. प्रमाण फारच कमी, तरी विचार करावा लागतो. मी ६३ वर्षांचा, सौ. ६१ची आणि तिला मधुमेह. दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. पेशंटला सल्ला देणे सोपे, घरच्या माणसाला देणे अवघड. शेवटी एका फिजिशियन मित्राकडे दोघेही गेलो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, कर्करोगावरचे उपचार, स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा, यांपैकी काही आहे का, हे त्याने खोदून विचारले. मधुमेह आटोक्यात आहे, हेही तपासले. मग म्हणाला, "घ्या."

लस शासनमान्य केंद्रातच मिळते. कुपी उघडली की थोड्याच वेळात संपवावी लागते, त्यामुळे आधी वेळ ठरवून जावे. जन्मभर दुसऱ्यांना टोचणारा मी त्या दिवशी बाही वर करून निमूट बसलो. चौथ्या दिवशी सौ.चे अंग दुखले, कणकण आली. मी तासातासाला कपाळाला हात लावून पाहत होतो. "अहो, तुम्हीच जास्त घाबरलात," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते. तिकीट काढतानाच हे लक्षात ठेवावे. २०१६पासून ते आयुष्यभर चालते, पूर्वीसारखी दहा वर्षांची अट राहिलेली नाही.

मुलगा आम्हाला मोंबासाचा समुद्र दाखवणार आहे. नैरोबीत मलेरियाचा धोका कमी, पण त्या किनाऱ्यावर बराच आहे. म्हणून प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू करून परतल्यावरही ठरलेले दिवस घेणार आहोत. आणि परदेशातून आल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. "दोन दिवसांपासून ताप आहे" एवढेच सांगून पेशंट गप्प बसतो, आणि मेंदूत जाणारा मलेरिया थांबून राहत नाही.

सौ.चे इन्शुलिन हातातल्या पिशवीत राहील. सामानाच्या कप्प्यात ते गोठून बाद होऊ शकते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. दोन्ही देशांच्या वेळेत अडीच तासांचाच फरक, त्यामुळे इंजेक्शनच्या वेळा फारशा हलणार नाहीत.

सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबई, तिथून विमान. मुंबई गाठायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या निम्म्या वेळात पुढे नैरोबी येईल म्हणतात. नातवाने फोनवर विचारले, "आजोबा, जिराफ आधी बघायचा की सिंह?" मी अजून उत्तर दिलेले नाही.